पाटणचा शिलालेख जगापुढे आणणाऱ्या डॉक्टरने महारोगाच्या औषधाचं नाव मात्र गुपित ठेवलं

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणारे लोक दर्शन घेतात, डोंगर बघतात, फोटो काढतात. याच पाटणच्या एका शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्यांचा नातू चांगदेव (मुक्ताईनगरकडचे योगी चांगदेव नव्हेत) याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि इसवी सन १२०७ मध्ये इथल्या निकुंभ राजाने त्या मठाला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे.

हा लेख अभ्यासकांपुढे आणला तो मुंबईच्या एका डॉक्टरने. त्यांचं नाव भाऊ दाजी लाड.

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचा. वडील मातीच्या मूर्ती करायचे. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकून भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८५१ मध्ये तिथल्या पहिल्यावहिल्या तुकडीतून बाहेर पडले. गरिबांना फुकट औषध, बॉम्बे असोसिएशनचं काम, पुढे १८६९ आणि १८७१ अशी दोनदा मुंबईची शेरीफकी. हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं. महारोगाची गोष्ट फारशी येत नाही.

तेव्हा महारोग म्हणजे आजचा कुष्ठरोग वंशपरंपरेने येतो, असं युरोपातले मोठे डॉक्टरही मानत. जंतू कुणी पाहिलेला नव्हता. भाऊंना संस्कृत उत्तम येत होतं. जुन्या वैद्यक ग्रंथांतली औषधं खरंच काम करतात का, ते रुग्णांना देऊन बघायचं, अशी त्यांची रीत होती. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचं तेल सांगितलं आहे. सह्याद्रीत त्याच जातीचं एक झाड वाढतं. मराठीत त्याला कवटी किंवा कडू कवठ म्हणतात. त्याच्या बियांचं तेल कोकण-गोव्यात त्वचारोगांवर लावायची पद्धत होती. भाऊंनी महारोग्यांवर हे तेल वापरलं आणि अनेकांना गुण येतोय असं त्यांना दिसलं.

पण औषध कोणतं, हे त्यांनी जाहीर केलं नाही.

टीका झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. भाऊ पैशासाठी लपवत होते असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल, कारण ज्यांच्याकडून पैसे मिळायचे नाहीत अशांचाच त्यांच्याकडे राबता असे. शिवाय हा आजार फसवा. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, मध्येच आपोआप शांत होतो, मध्येच अचानक भडकतो. चट्टा फिका पडला तो तेलामुळे की आपसूक, हे दोन-चार रुग्णांवरून कळत नाही. थांबून खात्री करण्यात शहाणपण होतं. पण वर्षं गेली, भाऊंना पक्षाघात झाला आणि ३१ मे १८७४ रोजी ते वारले. आदल्याच वर्षी नॉर्वेत हान्सेनला या रोगाचा जंतू दिसला होता.

हाच माणूस शिलालेखांच्या बाबतीत अगदी वेगळा वागला होता. अजिंठ्याचे लेख त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले, पाटणचा लेख १८६५ मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापला. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने पाटणचा लेख पुन्हा तपासून छापला. काम समोर होतं, म्हणून दुसऱ्याला ते पुढे नेता आलं.

तेलाच्या बाबतीत उलट घडलं. भाऊ कवटीचं तेल वापरत, हे पुढे वैद्यकीय ग्रंथांत आलं, पण कुणाला किती दिलं, किती दिवसांनी काय झालं, याची छापील नोंद हाती राहिली नाही. तिकडे कलकत्त्यात डॉ. मोआट यांनी १८५४ मध्येच चालमुग्रा या बियांच्या तेलाबद्दल लिहिलं होतं. मात्र त्या बिया नेमक्या कोणत्या झाडाच्या, यातच डॉक्टर कित्येक दशकं चुकले आणि भलत्याच झाडाकडे बोट दाखवत राहिले. १९०४-०५ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलातली आम्लं वेगळी केली, तेव्हा खऱ्या चालमुग्र्यात जे सापडलं तेच कवटीतही निघालं. भाऊंचं झाड बरोबर होतं!

पोटात घेतल्यावर या तेलाने भयंकर मळमळायचं, रुग्ण औषध सोडून द्यायचे. हवाईत अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने १९१५ च्या सुमारास त्यातून इंजेक्शनने देता येईल असं रूप काढलं. भारतात कवटीच्या तेलाची इंजेक्शनं १९४० च्या दशकापर्यंत चालली. मग सल्फोन गटातली औषधं आणि त्यातलं डॅप्सोन आलं, तेल मागे पडलं.

डॅप्सोनही निर्धोक नाही. थोड्या लोकांना ते सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, यकृतावर परिणाम होतो. असे रुग्ण डॉक्टरांनी एकेक करून छापले. त्यातून २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हा धोका कोणाला जास्त, हे सांगणारी जनुकीय खूण शोधली. आज डॅप्सोनसह तीन औषधांचं पाकीट जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यांतही फुकट मिळतं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तिथे जाऊन दाखवावं.