सक्ती नाही, वाट पाहिली! घराघरांत विश्वास पोचवणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळचं जलालपूर हे गोदाकाठचं छोटं गाव. याच गावी 1868 साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव मनकर्णिका, घरचे मनू म्हणत. पुढे हीच मुलगी लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रभर ओळखली गेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने मराठीतलं एक सर्वोत्तम आत्मचरित्र लिहिलं, आणि ख्रिस्ती विश्वास ओवी-कीर्तनातून साध्यासुध्या माणसांपर्यंत नेला.

माहेरी सोवळं फार कडक. 1857 च्या बंडात आईच्या वडिलांना फाशी झाली. त्याचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा धसका घेतला की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा नियमच झाला. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांना दिली. टिळक मूळचे कोकणातल्या करजगावचे. कवी माणूस, बुद्धी तल्लख, पण एका जागी टिकायचे नाहीत. राग आला की घर सोडून निघून जायचे. मात्र बायकोला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं.

घर दुभंगलं

1893 च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी टिळकांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्याने बायबलमधला नवा करार हातात दिला. टिळकांनी तो वाचायचा म्हणून वाचायला घेतला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते त्यातच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यातच जमा. पदरात लहान दत्तू. नातेवाईकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. काही काळ पंढरपुरातही राहिल्या. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागली.

जवळपास पाच वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला आल्या. तिथेही चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक मनाने तापट, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिच्या सोवळ्याची सोय लावून दिली. धर्म ज्याचा त्याने मनाने घ्यायचा, हे त्यांनी पाळलं.

बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, हे त्यांना एकदा पटलं. मग कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं आणि ते करूनही दाखवलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आधी सेवा, मग शब्द

टिळकांचं घर म्हणजे भरलेला वाडाच. दत्तू, धाकटी तारा आणि त्यांच्याबरोबर परकी, निराधार मुलंही पंक्तीला असायची. पैशाची कायम ओढाताण, तरी आलेलं पोर उपाशी परत गेलं नाही. प्लेगच्या दिवसांत, सख्खे नातेवाईक रोग्याजवळ जायला घाबरत होते तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. घरातल्या मुलांना विश्वास कळला तो आधी असा, डोळ्यांदेखत.

तेव्हा मराठी चर्चमधली बरीच गाणी इंग्रजी चालीवरची होती. ती गावच्या माणसाच्या ओठी बसायची नाहीत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट धरली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. लहान मुलांसाठीही त्यांनी लिहिलं. फुलांमुलांचे कवी हे नाव त्यांना त्यातूनच पडलं. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक वारले.

अर्धं काम पुरं केलं

येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ख्रिस्तायन टिळकांनी लिहायला घेतलं होतं. साडेदहा अध्यायांवर ते थांबलं. लक्ष्मीबाईंनी पदर खोचून पुढचे 64 अध्याय लिहिले. त्या कीर्तनंही करू लागल्या. ख्रिस्ती बाई कीर्तनाला उभी राहते, हे त्या काळी नवलच होतं.

दत्तू, म्हणजे देवदत्त, वडिलांच्या आठवणी गोळा करत होता. त्याने आईला लिहायला बसवलं. आईने बोलावं तसं लिहिलं. सोवळं, भांडणं, उपासमार, स्वतःची फजिती, काहीच लपवलं नाही. त्यातूनच स्मृतिचित्रे हे पुस्तक उभं राहिलं. 1934 पासून त्याचे भाग येऊ लागले. ख्रिस्ती-हिंदू भेद न करता मराठी माणसाने ते डोक्यावर घेतलं.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचं निधन झालं. आईवडिलांचं लेखन मुलाने आणि पुढे नातवाने जपलं. ज्या बाईला पाच वर्षं कोणी ओढून नेलं नाही, तिनेच पुढे नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम तडीस नेलं.