राज्यकर्त्याचा नव्हे, राज्याचा सेवक : रामशास्त्री प्रभुणे

ज्या राज्यात राज्यकर्त्याला चुकीच्या वाटेवरून परत फिरविणारा एकही अधिकारी नाही, त्या राज्याचा खजिना भरलेला असला आणि फौज सज्ज असली, तरी ते आतून पोकळ झाले असे खुशाल समजावे. तलवार बाळगणारे पुष्कळ मिळतात, हिशेब ठेवणारेही मिळतात. परंतु हे कृत्य कायद्याला धरून नाही असे धन्याच्या तोंडावर सांगणारा पुरुष विरळा. महाराष्ट्रात अशा पुरुषांत ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, त्या रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. हे नाव ऐकले नाही असा मराठी वाचक वाशीमच्या पेठेत सापडणे कठीण. पण नाव ठाऊक असणे निराळे आणि त्या नावाने आपल्यावर कोणते कर्तव्य येते हे ठाऊक असणे निराळे.

शास्त्रीबुवांचा जन्म साताऱ्याजवळ, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली क्षेत्री, एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. ऐन तारुण्यापर्यंत त्यांस विद्येचा गंध नव्हता आणि साताऱ्याच्या अनगळ सावकारांच्या घरी ते चाकरीस होते, असे परंपरा सांगते. धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता त्यांचे लक्ष त्याच्या कानातील मोत्यांकडे गेले, पाण्याची धार चुकली, आणि असले अलंकार विद्येने किंवा पराक्रमाने मिळवावे लागतात असा टोमणा त्यांस ऐकावा लागला, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, हा तरुण काशीस गेला, त्याने धर्मशास्त्राचे कसून अध्ययन केले आणि तो पंडित होऊन परतला, एवढे निश्चित. सन १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिले व सन १७५९ मध्ये पुण्याच्या न्यायाधीशपदी आले.

त्या काळी गावचे तंटे गोतसभेत व पंचायतीत तुटत. जे तेथे तुटत नसत, ते सरकारापर्यंत येत आणि त्यांचे निवाडपत्र होई. न्यायाधीशाकडे केवळ निवाडा करण्याचे काम नव्हते. शास्त्र काय सांगते हे पेशव्यांस सांगणे हेही त्याचेच काम होते. म्हणजे आज जी कामे उच्च न्यायालय आणि राज्याचा महाधिवक्ता यांच्यात वाटली गेली आहेत, ती पुष्कळ अंशी त्या एकाच आसनावर होती. आणि त्या आसनाला संरक्षण कशाचे? पेशव्यांच्या मर्जीचे! मर्जी फिरली की आसन गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

सन १७६१ मध्ये, पानिपतच्या संहारानंतर, माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. ह्या तेजस्वी तरुणास जपतपाचा नाद लागला, आणि दरबारचे काम घेऊन आलेल्या शास्त्रीबुवांस तिष्ठत बसावे लागे. तेव्हा त्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली, आणि ब्राह्मणाचा आचारच पाळावयाचा असेल तर गादी सोडून आपणही बरोबर चलावे, गादी ठेवावयाची असेल तर प्रजेचे काम हाच आपला जप समजावा, अशा आशयाची कानउघाडणी केली. माधवराव समजले आणि त्यांनी आपला क्रम बदलला. ह्यात मोठेपणा दोघांचाही आहे. सल्ला देणारा निर्भय पाहिजे, तसाच घेणारा शहाणा पाहिजे. एकट्याच्या गुणाने राज्य चालत नाही.

ह्याच माधवरावांशी नागपूरकर जानोजी भोसल्यांस सन १७६९ मध्ये कनकापूरचा तह करावा लागला. आमच्या वऱ्हाडात त्या वेळी निजाम आणि भोसले यांची दोअमली चालू होती. वाशीमचे बालाजीचे देवालय बांधविणारे भवानी काळू हे त्याच अमदानीतले. एका मुलुखाला वसुली करणारे दोन धनी असले म्हणजे व्यापाऱ्याची काय अवस्था होते, हे आमच्या पूर्वजांनी सन १८०३ पर्यंत अनुभविले. कायदा दुबळा झाला की पहिला फटका पेढीला बसतो, हे पेठेला शिकवावयास नको.

माधवराव सन १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे वारले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले, पण ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्या अठरा वर्षांच्या पेशव्याचा वध केला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. दरबारी माणसांपैकी बहुतेकांनी नव्या धन्यास मुजरे केले, आणि ते स्वाभाविकही होते. पोट सर्वांस आहे. रामशास्त्र्यांनी मात्र चौकशी आरंभिली. बाजारगप्पेवर विश्वास ठेवून त्यांनी कोणास दोषी ठरविले नाही. काही आठवडे पुरावा जमविला आणि मग खुद्द पेशव्यांसच जाब विचारला. पुतण्यास धरण्याची आज्ञा आपण दिली, मारण्याची नव्हे, असे रघुनाथरावांचे म्हणणे पडले. आनंदीबाईंनी हुकमातील ध चा मा केला ही कथा लोकप्रिय असली तरी ती कथा म्हणूनच घ्यावी. शास्त्रीबुवांच्या निर्णयाला तिची गरज नव्हती. ज्याच्या आज्ञेने हे कांड सुरू झाले, त्यास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी गादीवर बसलेल्या माणसास ऐकविला, आणि त्याच्या राज्यात राहणार नाही असे सांगून ते पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

येथवरची गोष्ट सर्वांस पाठ आहे, आणि बहुतेक चरित्रे येथेच टाळ्या घेऊन थांबतात. आम्हांस मात्र पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तो निर्णय कधीच अमलात आला नाही. रघुनाथराव त्यानंतर दहा वर्षे जगले, इंग्रजांच्या आश्रयास गेले, त्यांच्यापायी राज्यावर युद्ध ओढवले, आणि सन १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर नेमणूक घेऊन ते कोपरगावी राहिले व तेथेच वारले. मग शास्त्रीबुवांचा निर्णय फुकट गेला काय? मुळीच नाही. राज्यातील सर्वांत मोठ्या कायदेपंडिताने दोषी ठरविलेल्या माणसाविरुद्ध बारभाई उभे राहिले, तेव्हा धर्म कोणत्या बाजूस आहे ह्याचा उलगडा लोकांस आधीच झालेला होता. ज्या निर्णयामागे शिपाई नसतो, त्यामागे लोकमत उभे राहू शकते. मात्र निर्णय स्पष्ट शब्दांत आणि वेळेवर दिलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, शास्त्रीबुवा रुसून बसले नाहीत. बारभाईंच्या कारभारात ते पुन्हा न्यायासनावर आले आणि ता. २५ ऑक्टोबर १७८९ रोजी निधन होईपर्यंत राज्याची सेवा करीत राहिले. त्यांच्या घरात एका दिवसाच्या शिधासामग्रीपेक्षा अधिक साठा नसे, अशी त्यांची ख्याती होती. हा निव्वळ वैराग्याचा देखावा नव्हे. ज्यास गमावण्यासारखे काही नाही, त्यास मर्जीचे भय नाही. अपरिग्रह हे त्यांच्या स्वातंत्र्याचे तटबंदीचे काम करीत होते.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. आपल्या संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे प्रत्येक राज्यास एक महाधिवक्ता असतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास जो पात्र, तोच ह्या पदास पात्र. त्याची नेमणूक राज्यपाल करितात, आणि तो राज्यपालांची मर्जी असेतोपर्यंत पदावर राहतो. राज्य सरकारला कायद्याचा सल्ला देणे हे त्याचे पहिले कर्तव्य. विधिमंडळात तो बोलू शकतो, पण त्यास मत नाही. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाचा अर्ज खासगी गृहस्थास करावयाचा झाल्यास त्याची लेखी संमती लागते. न्यायाधीशास संविधानाने पक्के संरक्षण दिले. महाधिवक्त्याच्या वाट्यास मात्र शास्त्रीबुवांच्या काळची ती मर्जीच आली आहे. मंत्रिमंडळ बदलले की तोही बहुधा बदलतो.

म्हणून लोकांची अशी समजूत झाली आहे की, महाधिवक्ता म्हणजे सत्तेवरील पक्षाचा वकील. ही समजूत घातक आहे. वाशीमच्या एखाद्या व्यापाऱ्यास कराचा हुकूम बेकायदा वाटला, किंवा सरकारी कामाचे बिल अडले, तर त्यास नागपूरच्या खंडपीठाची पायरी चढावी लागते. वर्षे जातात, पैसा जातो. हुकूम निघण्यापूर्वीच सरकारच्या कायदेपंडिताने तो टिकणार नाही असे स्पष्ट सांगितले असते, तर तो खटलाच उभा राहिला नसता. त्याचे खरे काम न्यायालयात कमी आणि मंत्र्याच्या दालनात अधिक आहे. सरकारची प्रत्येक बाजू जिंकून देणे हे ते काम नव्हे. त्याचा पगार प्रजेच्या करातून जातो, मंत्र्याच्या खिशातून नव्हे.

कोणी म्हणेल, रामशास्त्री काय रोज जन्मास येतात? येत नाहीत, हे आम्हांसही मान्य. पण म्हणूनच केवळ व्यक्तीच्या पुण्याईवर विसंबून भागणार नाही. ह्या पदावर कोण नेमला गेला, त्याची विद्या व वर्तन कसे आहे, त्याने पद सोडले तर का सोडले, हे प्रश्न गावोगावच्या सुशिक्षितांनी मोठ्याने विचारले पाहिजेत. शास्त्रीबुवांच्या पाठीशी कायद्याचे कलम नव्हते. होते ते लोकांच्या मनातील वजन. ते वजन आजही आमच्याच हाती आहे. आमदार निवडताना आपण त्याची जात विचारतो, पक्ष विचारतो. कायद्याचा कडू सल्ला ऐकून घेण्याची त्याची तयारी आहे काय, हेही एकदा विचारून पाहावे.