कॅमेऱ्याच्या अधिकाराचा शोध

दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा कॅमेऱ्याला कितपत अधिकार आहे, या प्रश्नाने पोलंडचे विख्यात दिग्दर्शक क्रिश्तोफ किश्लोवस्की यांची अखेरपर्यंत पाठ सोडली नाही. ‘डेकालॉग’ आणि ‘थ्री कलर्स’ या चित्रपटमालिकांनी त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली. परंतु या कथापटांची मुळे त्यांनी मागे सोडलेल्या माहितीपटांत आहेत.

किश्लोवस्की यांचा जन्म २७ जून १९४१ रोजी वॉर्सा येथे झाला. वडील क्षयरोगाने आजारी असल्याने त्यांच्या उपचारांसाठी कुटुंबाला सतत गावे बदलावी लागली. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणशाळेत किश्लोवस्की जेमतेम तीन महिने टिकले. लॉड्झच्या चित्रपट विद्यालयाने त्यांना दोनदा नाकारले आणि तिसऱ्या प्रयत्नात प्रवेश दिला.

साम्यवादी राजवटीतील पोलंडचे जे वास्तव सरकारी प्रचारात दिसत नव्हते, ते त्यांनी माहितीपटांतून टिपले. संपानंतरच्या कामगारांचे मनोगत मांडणारा ‘वर्कर्स ७१’ अधिकाऱ्यांनी परस्पर कापून बदलला. तथापि, त्याहून मोठा धक्का त्यांना ‘स्टेशन’ या १९८० च्या माहितीपटाने दिला. वॉर्साच्या रेल्वे स्थानकावर केलेले चित्रीकरण एका खुनाच्या तपासासाठी पोलिसांनी ताब्यात घेतले. संशयित तरुणी त्यात नव्हती. पण ती असती, तर आपण नकळत पोलिसांचे खबरे ठरलो असतो, या जाणिवेने ते हादरले आणि माहितीपटांपासून दूर झाले.

ही बोच ‘कॅमेरा बफ’ (१९७९) या कथापटात आधीच उमटली होती. मुलीच्या जन्मानिमित्त कॅमेरा विकत घेणारा कारखान्यातील एक नोकरदार त्या छंदापायी संसार गमावतो, त्याच्या चित्रणामुळे दुसऱ्याची नोकरी जाते आणि शेवटी तो कॅमेरा स्वतःकडेच वळवतो. मॉस्को महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण पुरस्कार मिळाला.

डिसेंबर १९८१ मध्ये देशात लष्करी कायदा लागू झाला. राजकीय खटल्यांचे चित्रण करण्यासाठी किश्लोवस्की न्यायालयात जाऊ लागले, तेव्हा वेगळाच अनुभव आला. कॅमेरा समोर असला की न्यायाधीश अन्याय्य शिक्षा ठोठावण्यास कचरत. त्यामुळे वकीलच त्यांना बोलावू लागले. येथेच त्यांची वकील क्रिश्तोफ पिएसिएविच यांच्याशी ओळख झाली आणि पुढचे सारे चित्रपट दोघांनी मिळून लिहिले.

बायबलमधील दहा आज्ञांवर आधारित, दहा भागांची ‘डेकालॉग’ (१९८८-८९) ही दूरचित्रवाणी मालिका वॉर्सातील एकाच वसाहतीत घडते. तिच्या पाचव्या भागाचे विस्तारित रूप असलेल्या ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’मध्ये एका तरुणाने केलेला खून आणि शासनाने त्याला दिलेली फाशी, दोन्ही सारख्याच निर्दयपणे दिसतात. सहाव्या भागात दुर्बिणीतून शेजारणीला न्याहाळणारा मुलगा आहे; डोकावण्याचा तोच जुना प्रश्न येथे प्रेमाच्या रूपात परततो.

‘द डबल लाइफ ऑफ व्हेरोनिक’पासून (१९९१) त्यांचे चित्रपट फ्रान्सच्या साहाय्याने तयार होऊ लागले. ‘ब्लू’ला १९९३ मध्ये व्हेनिसचा ‘गोल्डन लायन’ विभागून मिळाला, तर ‘व्हाइट’साठी १९९४ मध्ये बर्लिनला ते सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. त्याच वर्षी आलेल्या ‘रेड’मध्ये शेजाऱ्यांची दूरध्वनी संभाषणे चोरून ऐकणारा निवृत्त न्यायाधीश आहे. एका तरुणीच्या भेटीनंतर तो स्वतःच आपला गुन्हा जाहीर करतो.

‘रेड’नंतर किश्लोवस्की यांनी निवृत्ती जाहीर केली. तरीही पिएसिएविच यांच्यासह नव्या चित्रपटत्रयीचे लेखन सुरू होते. हृदयशस्त्रक्रियेनंतर १३ मार्च १९९६ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या त्रयीतील ‘हेवन’ २००२ मध्ये टॉम टायक्वर यांनी पडद्यावर आणला. माणसाच्या अंतरंगात शिरायचे, पण त्याची अप्रतिष्ठा होऊ द्यायची नाही, ही किश्लोवस्की यांची शिस्त होती. खऱ्या माणसांचे अश्रू टिपण्याचे त्यांना भय वाटले, म्हणूनच ते अभिनेत्यांकडे वळले आणि त्यांच्या कथापटांत माणसे इतकी खरी उतरली.