संत व्हायटसचे नृत्य आणि डॉक्टर सिडनहॅम



१५ जून हा संत व्हायटस यांचा सण. परंपरा सांगते, की सिसिलीतील या कोवळ्या मुलाने सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, इ. स. ३०३ च्या सुमारास, ख्रिस्तासाठी प्राण दिले. मध्ययुगात त्यांची गणना संकटकाळी साह्य करणाऱ्या चौदा संतांमध्ये होऊ लागली. १५१८ साली स्ट्रासबर्ग शहरात माणसे दिवसेंदिवस रस्त्यावर नाचत सुटली, कोणाच्याने थांबेनात. तेव्हा त्यांना गाड्यांत घालून याच संतांच्या तीर्थमंदिरात नेण्यात आले. अंग आवरेनासे करणाऱ्या अशा आजाराला लोक संत व्हायटसचे नृत्य म्हणत. पुढे हेच नाव लहान मुलांच्या एका वेगळ्याच आजाराला दिले गेले. ते देणारा डॉक्टर मात्र कॅथलिक नव्हता. आज त्यांच्याविषयी थोडेसे.

थॉमस सिडनहॅम यांचा जन्म १६२४ साली इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, वायनफर्ड ईगल या गावी झाला. घराणे जमीनदारांचे आणि प्युरिटन विचारांचे. १६४२ साली ते ऑक्सफर्डला शिकायला गेले, पण काही महिन्यांतच राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. तरुण थॉमस पुस्तके मिटून पार्लमेंटच्या बाजूने लढायला गेले. १६४४ साली राजाच्या सैनिकांनी त्यांच्या आईला ठार मारले. ज्यांनी पुढे हजारो रोग्यांच्या उशाशी बसायचे होते, त्यांनी तारुण्यातच मरण इतके जवळून पाहिले.

युद्धानंतर ते ऑक्सफर्डला परतले आणि १६४८ साली वैद्यकाची पदवी घेतली. १६५५ साली विवाह केला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात व्यवसाय सुरू केला. त्या काळी डॉक्टर होणे म्हणजे जुने ग्रंथ मुखोद्गत करणे. सिडनहॅम यांना हे पटत नसे. आजार समजायचा तर रोग्याजवळ बसा, त्याच्याकडे पाहा, काय घडते त्याची नोंद ठेवा, असा त्यांचा आग्रह. एका तरुण डॉक्टरने वैद्यक शिकण्यासाठी काय वाचावे असे विचारले, तेव्हा त्यांनी डॉन किहोटे ही विनोदी कादंबरी वाचायला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जॉन लॉक यांचे नाव आम्हाला पाठ झाले होते. ज्ञानाचा उगम अनुभवात आहे, असे मांडणारे हे तत्त्वज्ञ स्वतः वैद्यक शिकलेले होते, सिडनहॅम यांचे मित्र होते आणि त्यांच्याबरोबर रोग्यांना भेटायला जात.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. हिवतापावर गुणकारी असलेली सिंकोना झाडाची साल, जिच्यापासून पुढे कोयनेल तयार झाले, ती पेरू देशातून युरोपात आणण्यात जेझुइट मिशनऱ्यांचा मोठा वाटा होता. लोक तिला जेझुइटांची साल म्हणत. कॅथलिकांचे औषध म्हणून इंग्लंडमध्ये अनेक जण तिच्याकडे संशयाने पाहत. सिडनहॅम यांनीही सुरुवातीला सावधगिरी बाळगली. मात्र रोगी बरे होताना पाहिले, तेव्हा त्यांनी ती मोकळ्या मनाने वापरली. समोर दिसलेले सत्य त्यांनी पूर्वग्रहापेक्षा मोठे मानले.

ते काही निर्दोष पुरुष नव्हते. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा ते कुटुंबासह शहराबाहेर गेले. रक्त काढणे आणि जुलाब देणे हे त्या काळचे उपाय त्यांनीही केले. स्वतः अनेक वर्षे गाऊट आणि मुतखड्याच्या वेदना सोसल्या आणि १६८३ साली गाऊटवर लिहिलेला त्यांचा ग्रंथ त्या सोसण्यातूनच आला.

१६८६ साली, म्हणजे मृत्यूच्या तीन वर्षे आधी, त्यांनी एका छोट्या पुस्तकात मुलांच्या त्या आजाराचे वर्णन केले. दहा वर्षांपासून वयात येईपर्यंतच्या मुलामुलींना तो होतो, असे त्यांनी लिहिले. मूल आधी एक पाय ओढत चालू लागते. मग हात क्षणभरही एका जागी राहत नाही. पाण्याचा पेला सरळ तोंडाशी जातच नाही. हात इकडेतिकडे हेलकावतो, आणि पेला कसाबसा ओठांशी आला, की मूल घाईने पाणी घशात ओतून घेते. पाहणारे हसत असतील. सिडनहॅम हसले नाहीत. त्यांनी नीट पाहिले आणि लिहून ठेवले. संत व्हायटसचे नृत्य हे जुने नाव त्यांनी या आजाराला दिले. आज डॉक्टर त्याला सिडनहॅम कोरिया म्हणतात.

२९ डिसेंबर १६८९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पिकाडिली भागातील सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांना पुरले आहे.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. सिडनहॅम यांनी अंगावर लाल पुरळ आणणाऱ्या स्कार्लेट फीवरचे वर्णन केले होते. सांधे सुजवणाऱ्या तापाचेही केले होते. मुलांच्या या नृत्याचेही केले. तिन्ही आजारांच्या मुळाशी एकच जंतू असू शकतो, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. जंतूंचे शास्त्रच तेव्हा जन्माला आले नव्हते. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांच्या लक्षात आले, की सांधे सुजलेल्या मुलांनाच पुष्कळदा हा कोरिया होतो आणि त्यांच्या हृदयाच्या झडपाही बिघडतात. विसाव्या शतकात धागा पूर्ण जुळला. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू शरीरात शिरतो. त्याच्याशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. काही मुलांत ही प्रतिपिंडे चुकून स्वतःच्याच हृदयावर, सांध्यांवर आणि मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या खोल भागावर चालून जातात. घसा बरा होऊन काही आठवडे, कधी काही महिने उलटल्यावर हे घडते. म्हणून आईवडिलांना दोन्हींचा संबंध लागत नाही.

या आजारात केवळ हात-पायच हलतात असे नाही. मूल विनाकारण रडते, चिडते, तेच तेच विचार मनात घोळवते, तीच कृती पुन्हा पुन्हा करते. अमेरिकेतील डॉ. सुझन स्वीडो यांनी अशा मुलांचा अभ्यास केला. कोरिया नसतानाही घशाच्या संसर्गानंतर अचानक अशी लक्षणे दिसलेल्या ५० मुलांची माहिती त्यांनी १९९८ साली मांडली आणि या प्रकाराला पँडास असे नाव मिळाले. त्याविषयी डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत. सिडनहॅम कोरियाचा घशाशी असलेला संबंध मात्र पक्का आहे.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट दूरच्या देशाची आणि जुन्या काळाची असली, तरी आजार जुना झालेला नाही. घशातून सुरू होणारा हृदयविकार आपल्या भारतात आजही मुलांना गाठतो. चांगले अक्षर असलेल्या मुलीचे अक्षर अचानक बिघडते, हातातून ताट पडते, तोंड वेडेवाकडे होते. शाळेत तिला ओरडा बसतो, घरी धपाटा मिळतो. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे. अशा मुलाला आशीर्वादासाठी माझ्याकडे जरूर आणा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीन आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या असे सांगेन. हृदयाची तपासणी करून घ्या. महिन्या दोन महिन्यांपूर्वी घसा दुखून ताप आला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. हा कोरिया बहुधा काही महिन्यांत थांबतो. पण हृदय जपण्यासाठी पेनिसिलिनची इंजेक्शने कित्येक वर्षे, ठरलेल्या दिवशी, न चुकता घ्यावी लागतात. घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका आणि स्वतःच्या मनाने दुकानातून आणूही नका.

संत व्हायटस यांच्याकडे आपल्या लेकरांसाठी विनंती करू या. आणि त्यांच्या नावाचा आजार ज्यांनी न हसता, न दोष देता पाहिला, त्या डॉक्टरांचे डोळे आपल्यालाही लाभोत. ओरडण्यापूर्वी आपल्या मुलांकडे एकदा नीट पाहू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू