छंदातून घडलेले छायाचित्रकार : राजा दीनदयाळ

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी झाला. रुडकीला शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी उत्तेजन दिले. १८८२ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे टिपली. पुढे हक्काची नोकरी सोडून ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. फौजेच्या कवायतीही त्यांनी टिपल्या. १९०५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवून जपल्या.

तुम्हीही गावचा जुना बुरूज टिपून ठेवा. तारीख आणि ठिकाण लिहायला मात्र विसरू नका!