पंडिता क्षमाबाई राव : टेनिसपटू आणि संस्कृत कवयित्री

आपल्या शाळेत संस्कृत म्हणजे गुण मिळवून देणारा विषय आणि मैदान म्हणजे मुलांचे. आपल्या वर्गातल्या चांगल्या खेळणाऱ्या मुली आठवी-नववीत मैदानावरून कधी दिसेनाशा झाल्या, हे आपल्याला कळलेसुद्धा नाही. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा म्हणूनच एक नाव आठवले. या बाईंनी दोन्ही गोष्टी आयुष्यभर सांभाळल्या.

क्षमाबाईंचा जन्म १८९० साली पुण्यात झाला. विम्बल्डनची स्पर्धा सुरू होऊन तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती आणि आपल्याकडे टेनिस हा साहेबांच्या जिमखान्यातला खेळ होता. वडील शंकर पांडुरंग पंडित मूळचे कोकणातील बांबुळीचे. वेदांचे आणि कालिदासाचे ते मोठे अभ्यासक. सरकारी मदतीने निघालेल्या तुकारामबावांच्या गाथेच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन त्यांनी केले, पण तो ग्रंथ छापून यायच्या आत, १८९४ मध्ये ते वारले. क्षमा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. वडील तिला पुढे भेटले ते पुस्तकांतूनच. बालपणाचा काही काळ तिने राजकोटला काकांकडे काढला.

मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पतीबरोबर युरोपचे प्रवास झाले. त्या टेनिस खेळू लागल्या, तेही केवळ हौसेपुरते नव्हे. १९२०च्या दशकात मुंबईच्या स्पर्धांत त्यांनी एकेरीची विजेतेपदे मिळवली. घरात मुलगी वाढत असताना, पस्तिशीच्या आसपासची मराठी बाई कोर्टावर उतरून जिंकते, हे त्या काळी सोपे नव्हते.

तोवर त्या इंग्रजी आणि मराठीत लिहीत होत्या. गांधीजींच्या चळवळीने त्यांचे मन ढवळून निघाले आणि त्या संस्कृतकडे वळल्या. अनुष्टुभ छंदात, अठरा अध्यायांत त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ रचली. इंग्रज सरकारच्या काळात असे पुस्तक इथे छापणे अवघड होते. ते १९३२ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या भाषेत त्यांनी आजचा लढा सांगितला, स्त्रियांची दुःखे सांगणाऱ्या कथाही लिहिल्या.

लेक लीला हिने आईचा खेळ पुढे नेला. १९३४ साली बावीस वर्षांच्या लीलाने विम्बल्डनला पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल हिला हरवले. तिथे एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर असा विजय पाहायला भारताला २००५ पर्यंत, सानिया मिर्झापर्यंत, थांबावे लागले. पुढे लीलाबाईंनी आईच्या कथांवर संस्कृत नाटकेही लिहिली.

१९३९ मध्ये क्षमाबाईंनी वडिलांचे चरित्र संस्कृत पद्यात लिहिले. ज्यांचा चेहराही नीट आठवत नसेल, त्या पित्याचे आयुष्य त्यांनी श्लोकाश्लोकाने जुळवले. मग मीरा, तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे झाली. ज्या तुकारामांची गाथा वडिलांनी संपादली, त्यांच्याच चरित्राला लेकीने हात घातला. १९५४ मध्ये त्या गेल्या. ज्ञानेश्वरचरित्र त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले. वडिलांचा अथर्ववेद जसा त्यांच्यामागे आला, तसेच हे.

आज मेळाव्याला आपल्या त्या मैत्रिणी येतील, कुणाच्या नाती बरोबर असतील. गुरुजनांसमोर बसून जुन्या गमती आठवताना एवढे जरूर करावे : नातीला विचारावे, कोणता खेळ खेळतेस? आणि ती सांगेल तो खेळ दहावीनंतरही सुटणार नाही, हे आपण पाहावे. गिरणेकाठच्या आपल्या भडगावात मैदानाला तोटा नाही.