कार्ल फर्डिनांड ब्राउन: बिघाड डोळ्यांनी दाखवणारी पहिली स्क्रीन

लॅपटॉप रिपेअर करून घरी आणला. बटण दाबलं, फॅनचा आवाज आला, पण स्क्रीन काळीच! मग लगेच नवीन पॅनल टाकायचा सल्ला मिळतो आणि काही हजारांचा खर्च समोर उभा राहतो. मित्रांनो, पैसे भरण्याआधी दोन मिनिटं थांबा. ज्या शास्त्रज्ञाच्या नळीतून पुढे टीव्ही आणि कॉम्प्युटरचे पडदे आले, त्यांनी ती बनवली होती विजेच्या तारेत काय चाललंय ते बघण्यासाठी. त्यांचं नाव कार्ल फर्डिनांड ब्राउन.

एकाच दिशेने जाणारा करंट

ब्राउन यांचा जन्म 6 जून 1850 रोजी जर्मनीतल्या फुल्डा गावी झाला. मारबुर्ग आणि बर्लिनमध्ये शिकून 1872 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग काही काळ लाइपझिगच्या एका शाळेत शिकवलं. 1874 मध्ये त्यांनी एक विचित्र गोष्ट जगासमोर मांडली. धातूच्या टोकदार तारेने काही सल्फाइड खनिजांना स्पर्श केला, की करंट एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने अडतो. तेव्हा याचा उपयोग कोणालाच कळला नाही. आज आपण अशा भागाला डायोड म्हणतो. तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनमागे उजेड देणारे एलईडी हेसुद्धा एक प्रकारचे डायोडच आहेत.

पहिली स्क्रीन

1895 मध्ये ब्राउन स्ट्रासबर्गच्या भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. त्या काळात एसी करंट नवीन होता. तो सेकंदाला कित्येक वेळा दिशा बदलतो, आणि मीटरचा काटा एवढ्या वेगाने हलूच शकत नाही. मग तारेत नक्की काय होतंय ते दिसणार कसं?

1897 मध्ये ब्राउन यांनी तोडगा काढला. जवळपास सगळी हवा काढलेली काचेची नळी घेतली. तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सोडला. झोत पडतो तिथे चमकणारा लेप दिलेला छोटा पडदा ठेवला. नळीबाहेर एक कॉइल बसवली आणि तिच्यातून तपासायचा करंट सोडला. कॉइलच्या चुंबकत्वाने झोत वाकायचा आणि पडद्यावरचा ठिपका वरखाली नाचायचा. हा ठिपका फिरत्या आरशात बघितला, की करंटची लाट स्पष्ट दिसायची. इलेक्ट्रॉनांना वजन जवळपास नसतंच, म्हणून हा 'काटा' कधी मागे पडत नव्हता.

1899 मध्ये त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी ठिपका आडवा सरकवायची सोय केली, आणि आरशाची गरज संपली. यातूनच ऑसिलोस्कोप घडला. मदरबोर्डवरचे सिग्नल तपासायला आजही हेच यंत्र वापरतात. पुढे याच नळीपासून जुने जाडजूड टीव्ही आणि मॉनिटर बनले. ब्राउन यांनी मात्र तिचं पेटंट घेतलंच नाही.

नोबेल आणि परदेशातला शेवट

वायरलेसमध्येही त्यांनी मोठं काम केलं. ठिणगी पाडणारं सर्किट अँटेनापासून वेगळं ठेवलं, त्यामुळे संदेश जास्त लांब जाऊ लागले. यासाठी 1909 चं नोबेल त्यांना मार्कोनीसोबत मिळालं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, 1914 च्या अखेरीस, पेटंटच्या एका खटल्यात साक्ष द्यायला ते न्यूयॉर्कला गेले. 1917 मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि त्यांची परतीची वाट बंद झाली. 20 एप्रिल 1918 रोजी ब्रुकलिनमध्ये त्यांचं निधन झालं. घरी परतणं झालं नाही, आणि आपल्या नळीने घराघरात आणलेला टीव्हीही त्यांनी पाहिला नाही.

मग आपल्या काळ्या स्क्रीनचं काय?

ब्राउन यांची पद्धत सोपी होती: अंदाज नको, आधी बघा.

1. टॉर्च मारा. लॅपटॉप चालू करून स्क्रीनवर तिरका उजेड टाका. अंधुक चित्र दिसलं, तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. (ओएलईडी स्क्रीनला मागचा उजेड नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.)
2. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडा. तिथे चित्र नीट आलं, तर ग्राफिक्स चिप बहुतेक ठीक आहे. शंका केबल, पॅनल किंवा त्यांच्या कनेक्टरवर घ्या.
3. झाकण हळू पुढेमागे करा. त्यासोबत चित्र येत-जात असेल, तर केबल सैल बसलीय किंवा बिजागरीत दबलीय. रिपेअरनंतर हे हमखास घडतं.
4. सुरुवातीचा लोगो बघा. विंडोज सुरू होण्याआधीच रेषा दिसल्या, तर दोष ड्रायव्हरचा नाही, हार्डवेअरचा आहे.
5. पॅनल बदललं असेल तर पार्ट नंबर जुळवा. 30 पिनांच्या जागी 40 पिनांचं पॅनल चालत नाही.

केबलला हात लावण्याआधी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. हे जमत नसेल तर लॅपटॉप उघडू नका. पहिल्या चार तपासण्या न उघडताही होतात. काय दिसलं ते लिहून ठेवा आणि दुकानात तेच सांगा. मग पॅनल बदलायचं, की फक्त केबल नीट बसवायची, हे पुराव्यावर ठरेल.